एक जून, एकतीस मे आणि मुंबई टाइम : कामाच्या सॉफ्टवेअरमधल्या तारखांची समीक्षा

(उमेळे, वसई इथे झालेल्या व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)

मला बोलावलं तेव्हा फोनवर विचारणा झाली, की समीक्षा करणार म्हणताय, तर कुठल्या पुस्तकाची? मी म्हटलं, पुस्तक नाही, एका फाईलची करतो. पलीकडे थोडा वेळ शांतता. मग आवाज आला, "चालेल, पण लोकांना झोप येणार नाही असं बघा." तेवढं बघतो.

इथे समोर जे बसलेत त्यातले निम्मे तरी उद्या सकाळी नायगाव नाहीतर वसई रोड स्टेशन गाठणार आहेत. कुणी बँकेत, कुणी हिशोबात, कुणी रात्रपाळीला अमेरिकेच्या घड्याळावर. तुमचा पगार, रजा, ओव्हरटाइम, निवृत्ती हे सगळं कुठल्यातरी प्रोग्रॅममधल्या तारखेच्या वजाबाकीवर चालतं. ती वजाबाकी कुणी लिहिली, काय गृहीत धरून लिहिली, हे आपण कधी वाचत नाही. मी गेली वीसेक वर्षं पगाराच्या आणि सेवानोंदींच्या सॉफ्टवेअरमध्ये घालवली, त्यामुळे मला ती वाचावी लागली. आणि माझं मत असं झालंय, की यातलं बरंचसं लेखन वाईट आहे. अवघड विषय म्हणून वाईट झालेलं नाही. लिहिणाऱ्याला आपण काय लिहितोय याची जाणीवच नव्हती, म्हणून वाईट आहे.

सुरुवात एका गोष्टीने करतो. संस्थेचं नाव सांगत नाही. एका अनुदानित शाळेतले लिपिक माझ्याकडे आले. हातात निवृत्तीचा आदेश. एकतीस मेला निवृत्त. गृहस्थ म्हणाले, "साहेब, माझी जन्मतारीख दोन जून. मी तीस जूनला निवृत्त व्हायला पाहिजे." नियम तुम्हाला माहीत असेल. ज्या महिन्यात वय पूर्ण होतं, त्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी माणूस निवृत्त होतो. अपवाद एकच. ज्याचा जन्म महिन्याच्या एक तारखेचा, तो आधीच्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी जातो. म्हणजे दोन जूनचा माणूस तीस जूनला, आणि एक जूनचा माणूस एकतीस मेला. एका दिवसाच्या फरकाने अख्खा महिन्याचा पगार.

मी म्हटलं, पूर्ण यादी दाखवा. यादी आली, आणि मला हसू आलं. त्या यादीत या गृहस्थांखेरीज एकाही माणसाचा जन्म एक जूनचा नव्हता. आणि एकतीस मेचे चौदा जण होते!

तुम्ही हसताय, म्हणजे तुम्हाला कळलं. महाराष्ट्रातल्या एखाद्या शाळेच्या यादीत दुसरा एकही एक जून नाही, हे शक्य आहे का? आपल्याकडच्या एका अख्ख्या पिढीचे वाढदिवस एक जूनला. पोराला शाळेत घालायला आणलं, तारीख आठवत नाही, मास्तरांनी वय मोजून लिहून टाकलं, एक जून. शाळा जूनमध्ये सुरू होते, मास्तरांना तेच सोयीचं. ती तारीख खोटी असेल, पण कायद्याने खरी आहे, आणि माणसाचं सगळं आयुष्य तिच्यावर चालतं. त्या सॉफ्टवेअरने चौदा माणसांच्या त्या तारखा एक दिवस मागे ढकलल्या होत्या. गंमत अशी, की त्या चौदा जणांना काहीच त्रास झाला नाही! एक जून असो की एकतीस मे, निवृत्ती एकतीस मेलाच. म्हणून कुणी तक्रार केली नाही, म्हणून चूक दिसली नाही. सापडले ते दोन जूनचे एकटे. सेवापुस्तक कागदावर होतं म्हणून आदेश दुरुस्त झाला. कागद नसता तर काय झालं असतं, हे त्यांनी मला विचारलं. मी उत्तर दिलं नाही.

आता हे कसं झालं ते बघू. जन्मतारीख ही तारीख आहे, वेळ नाही. पण प्रोग्रॅम लिहिणाऱ्याकडे जो साचा होता त्यात तारीख आणि वेळ एकत्रच राहतात. मग त्याने दोन जूनची केली दोन जून, मध्यरात्रीचे बारा. कुठले बारा? इथले. मग ते गेलं सर्व्हरवर, आणि सर्व्हर सगळं यूटीसीत ठेवतो, म्हणजे जागतिक वेळेत, जी आपल्या साडेपाच तास मागे. तिथे ते झालं एक जून, संध्याकाळचे साडेसहा. मग पुढच्या कुणीतरी वेळ कापून नुसती तारीख घेतली. झाला एक जून.

ही चूक इतकी नेहमीची आहे, की साडेसहा हा आकडा दिसला की मी सावध होतो. कुठल्याही अहवालात १८:३० ओळीने दिसायला लागले की समजायचं, आपली मध्यरात्र परदेशी जाऊन आली. आणि तिचाच दुसरा चेहरा रात्रपाळीवाल्यांना दिसतो. जावास्क्रिप्टमध्ये आजची तारीख काढायची एक सोपी, सगळीकडे चिकटवलेली ओळ आहे, जी यूटीसीतली तारीख देते. त्यामुळे रोज रात्री बारापासून पहाटे साडेपाचपर्यंत ती ओळ 'काल' सांगते. प्रोग्रॅम लिहिणारा दुपारी तपासतो, सगळं बरोबर. हजेरी लावणारा रात्री एकला लावतो, त्याचा दिवस चुकतो.

एक्सेलवर सगळे टीका करतात. मी इथे त्याचं कौतुक करणार आहे. एक्सेल तारखेला आकडा समजतं. १ जानेवारी १९०० म्हणजे एक, पुढे मोजत जायचं. वेळेचा पट्टा वगैरे काही नाही. त्यात एक प्रसिद्ध खोट आहे. १९०० साली २९ फेब्रुवारी होती असं ते मानतं, जी नव्हती. ही चूक लोटस १-२-३ या जुन्या प्रोग्रॅमशी जुळवून घ्यायला मुद्दाम ठेवलेली. पण तारीख म्हणजे तारीख, हे त्याला समजतं. जो माल कारखान्यात चांगला होता तो वाहतुकीत फुटला, असं हे प्रकरण.

बरं. आता त्या फाईलकडे येतो, जिची समीक्षा करायला आलोय.

जगातल्या जवळजवळ प्रत्येक फोनमध्ये, संगणकात एक माहितीसंच असतो, वेळेच्या पट्ट्यांचा. आर्थर डेव्हिड ओल्सन यांनी ऐंशीच्या दशकात सुरू केला, नंतर पॉल एगर्ट यांनी सांभाळला, आता तो इंटरनेटच्या क्रमांक-नावांची व्यवस्था बघणाऱ्या 'आयाना'च्या छताखाली आहे. साधा मजकूर आहे, कुणीही उघडून वाचावा. भारताची नोंद 'आशिया/कोलकाता' या नावाखाली. आधी 'कलकत्ता' होतं, २००८ साली बदललं, पण जुनं नाव अजून चालतं आणि कित्येक ठिकाणी तेच दिसतं. तुमच्या फोनने कधी 'कलकत्ता' दाखवलं तर घाबरू नका.

नोंद आठ ओळींची आहे. एखाद्या कादंबरीचा सारांश असावा तशी. आधी कलकत्त्याची स्थानिक वेळ, ५ तास ५३ मिनिटं. मग १८७० पासून मद्रास टाइम, ५ तास २१ मिनिटं १० सेकंद. मग १ जानेवारी १९०६ पासून साडेपाच, आपला स्टँडर्ड टाइम. मग युद्ध. १९४१-४२ मध्ये काही महिने, आणि पुन्हा सप्टेंबर १९४२ पासून १५ ऑक्टोबर १९४५ पर्यंत घड्याळ एक तास पुढे, साडेसहा. मग परत साडेपाच, आजतागायत.

आता तुम्ही मला सांगा, यात मुंबई कुठे आहे?

नाही. आपली मुंबई त्यात नाहीच. १८८४ पासून मुंबईची वेळ वेगळी होती, ग्रिनिचच्या ४ तास ५१ मिनिटं पुढे. १९०६ ला सरकारने स्टँडर्ड टाइम आणला तेव्हा मुंबईने तो मानला नाही. फिरोजशहा मेहतांच्या काळातली महापालिका, तिने आपली घड्याळं ३९ मिनिटं मागेच ठेवली. त्या जानेवारीत हजारो गिरणी कामगारांनी काम बंद पाडलं, दगडफेक झाली. घड्याळांची लढाई असं वर्तमानपत्रांनी नाव दिलं, आणि ती जवळजवळ अर्धशतक चालली. तुमच्या घरात जुन्या लग्नपत्रिका असतील तर बघा, मुहूर्ताच्या वेळेपुढे 'स्टँ. टा.' लिहिलेलं सापडेल. ते उगीच नाही लिहायचे. विरारहून निघालेली गाडी स्टँडर्ड टाइमने चालायची आणि मुंबईत उतरल्यावर महापालिकेचं घड्याळ वेगळं सांगायचं.

आणि हिशोब करून बघा, उमेळं साधारण ७२.८ अंश रेखांशावर. एका अंशाला चार मिनिटं. गुणाकार केला की ४ तास ५१ मिनिटं. म्हणजे मुंबई टाइम ही इथल्या सूर्याची वेळ होती. आज दुपारी बाराला सूर्य डोक्यावर नसतो, तो आपल्याकडे बहुतेक दिवस साडेबारानंतर येतो, कारण आपलं घड्याळ अलाहाबाद-मिर्झापूरच्या बाजूला लावलेलं आहे.

मग फाईलमध्ये हे का नाही? इथे मला समीक्षक म्हणून दोन्ही बाजू सांगायला हव्यात. संपादकांचा नियम असा, की १९७० नंतर ज्या दोन ठिकाणांची घड्याळं वेगळी चालली त्यांनाच वेगळी नोंद. मुंबई आणि कोलकाता १९७० नंतर एकच. मग नोंद एकच, आणि तिच्यातला जुना इतिहास एका शहराचा. नियम म्हणून मला तो पटतो, कुठेतरी रेघ मारावीच लागते. आणि प्रामाणिकपणा असा, की त्याच फाईलमध्ये, आकड्यांच्या वर टिपणं आहेत, आणि त्या टिपणांत मुंबईच्या गिरणी कामगारांची हकीकत चक्क दिली आहे! संपादकांना माहीत आहे. पण टिपण माणूस वाचतो, संगणक वाचत नाही. हकीकत टिपणात आणि आकड्यांत मद्रास.

मला राग येतो तो फाईलचा नाही, ती न वाचता वापरणाऱ्यांचा. बरेच प्रोग्रॅम रिकाम्या तारखेच्या जागी १ जानेवारी १९०० भरून ठेवतात. भारतात ती उलगडली की वेळ येते ५ वाजून २१ मिनिटं १० सेकंद. हा आकडा बघून किती तरुण मुलांनी माझ्यासमोर डोकं धरलंय! "सर, डेटा करप्ट झालाय." डेटा ठीक आहे रे बाबा, तो मद्रास टाइम आहे.

युद्धाच्या तासाचं मात्र हसण्यावारी नेता येत नाही. १ जून १९४३ चा जन्म असलेले पेन्शनर धरा. एका प्रोग्रॅमने ही फाईल नीट वापरली, साडेसहाचा पट्टा धरला, मध्यरात्र यूटीसीत नेली. दुसऱ्याने 'भारत म्हणजे साडेपाच' असं ठोकून दिलं आणि परत आणली. एक तास कमी पडला. रात्रीचे अकरा, आदल्या दिवसाचे. तारीख ३१ मे १९४३. केंद्र सरकारच्या पेन्शनरला ऐंशी पूर्ण झाल्यावर वीस टक्के वाढ मिळते, ती त्या महिन्याच्या पहिल्या तारखेपासून. म्हणजे यांना एक महिना आधीच मिळणार. आनंद आहे, म्हणाल. नाही. मग कुणाच्यातरी लक्षात येतं आणि ऐंशी ओलांडलेल्या माणसाकडून वसुली सुरू होते.

जाता जाता. या माहितीसंचावर २०११ साली अमेरिकेत दावा झाला होता. कुणी केला? ज्योतिषाचं सॉफ्टवेअर विकणाऱ्या कंपनीने. जुन्या काळच्या वेळा तिच्या ॲटलसमधून घेतल्या असा दावा. पुढच्या वर्षी तो मागे घेतला. पण विचार करा, कुठल्या गावात कुठल्या साली घड्याळ किती होतं, याची सर्वांत जास्त काळजी कुणाला? पत्रिका मांडणाऱ्याला. मुंबईत १९३० साली जन्मलेल्या आजीची पत्रिका करायची तर लिहिलेली वेळ मुंबई टाइम की स्टँडर्ड, हे विचारावंच लागतं. माझा पत्रिकेवर विश्वास नाही. पण तो प्रश्न विचारायची सवय आमच्या धंद्यात असती तर निम्मी दुखणी कमी झाली असती.

आणि आपल्या भाषेत तर शब्दही तयार आहेत. अमेरिकेत मार्चमध्ये घड्याळ पुढे करतात तेव्हा दोन ते तीन हा तास नसतोच, नोव्हेंबरमध्ये एक ते दोन हा तास दोनदा येतो. हे शिकवताना पोरं गोंधळतात. मी विचारतो, घरी कालनिर्णय आहे ना? तिथीचा क्षय माहीत आहे? एका सूर्योदयानंतर सुरू झाली, पुढच्या सूर्योदयाआधी संपली, कुठल्याच दिवसाच्या वाट्याला आली नाही, ती क्षयतिथी. दोन सूर्योदयांना सापडली ती वृद्धी. मार्चचा तास क्षय, नोव्हेंबरचा वृद्धी. लगेच कळतं. शेकडो वर्षं आपण असा दिवस-गणनेचा प्रकार वापरतोय ज्यात आकडा गळू शकतो आणि दोनदाही येऊ शकतो.

याचा पगाराशी संबंध आहे हो. समजा, चोवीस तास चालणारं काम, नोव्हेंबरातला पहिला रविवार, इथे सकाळी सात ते दुपारी तीन अशी पाळी. आठ तास. पण हजेरी अमेरिकेच्या पूर्वेकडच्या घड्याळात नोंदतात. तिथे शनिवार रात्री साडेनऊला सुरू, रविवारी पहाटे साडेचारला बंद. नुसत्या आकड्यांची वजाबाकी करा, सात तास. एक तास कुणी खाल्ला? कुणीच नाही, तो दोनदा आला होता. आणि मार्चमध्ये अमेरिका आधी घड्याळ फिरवते, युरोप नंतर. २०२५ ला अमेरिकेने ९ मार्चला फिरवलं, युरोपने ३० मार्चला. मधले तीन आठवडे ज्यांची मीटिंग न्यूयॉर्क आणि लंडन दोघांशी आहे, त्यांना विचारा.

घड्याळाचं इतकं पुरे. कारण घड्याळाच्या बाबतीत निदान ती फाईल आहे, कुणीतरी जागं राहून सांभाळतंय. आता येतो महिना आणि कामाचा दिवस याकडे, जिथे कुणीही जागं नाही.

एकतीस जानेवारीत एक महिना मिळवा. उत्तर काय? एक्सेलचं 'ईडेट' सांगतं अठ्ठावीस फेब्रुवारी. जावास्क्रिप्ट सांगतं तीन मार्च, कारण ते एकतीस फेब्रुवारी तयार करतं आणि मग तीन दिवस सांडतात ते मार्चमध्ये ओततं. या प्रश्नाचं उत्तर आपल्या देशात १८८१ साली लिहून ठेवलेलं आहे. निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्ट, कलम २३. पुढच्या महिन्यात ती तारीख नसेल तर मुदत महिन्याच्या शेवटच्या दिवशी संपते. उदाहरणही दिलंय, २९ जानेवारी १८७८ ची हुंडी, एक महिन्याची, मुदत २८ फेब्रुवारीला. वर सवलतीचे तीन दिवस, म्हणजे तीन मार्च. आता गंमत बघा, एकतीस जानेवारीला जावास्क्रिप्टचं चुकीचं उत्तर आणि कायद्याचं बरोबर उत्तर एकच येतं, तीन मार्च! माझ्यासमोर एकाने हा पुरावा म्हणून ठेवला होता. मी म्हटलं, एकोणतीस जानेवारी घालून बघा. कायदा तीन मार्चच म्हणतो, जावास्क्रिप्ट एक मार्च.

हा कायदा मी नव्या मुलांना वाचायला देतो. दीडशे वर्षं होत आली, पण तारखेच्या हिशोबावर इतकं स्वच्छ लेखन मला कुठल्याही सॉफ्टवेअरच्या पुस्तिकेत मिळालं नाही. कलम २३ च्या नियमाला उदाहरण आहे, आणि उदाहरण नेमकं अडचणीच्या तारखेचं. फेब्रुवारीचं. पुस्तिकावाले नेहमी पंधरा जानेवारीचं उदाहरण देतात, ज्यात काही बिघडूच शकत नाही.

त्याच कायद्यात कलम २५. हुंडीची मुदत सार्वजनिक सुट्टीच्या दिवशी संपत असेल तर ती आदल्या कामाच्या दिवशी देय धरायची. मागे जायचं. आणि १८९७ च्या जनरल क्लॉजेस ॲक्टचं कलम १० म्हणतं, कोर्टात किंवा कचेरीत काही करायची मुदत बंदच्या दिवशी संपत असेल तर कचेरी उघडेल त्या दिवशी करा. पुढे जायचं. दोन्ही बरोबर, कारण दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एकात पैसे द्यायचेत, दुसऱ्यात हक्क वाचवायचाय. आता तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये 'सुट्टी असल्यास पुढचा कामाचा दिवस' अशी एकच टिकमार्क असते. ती सगळ्याला लावतात.

एक दिवस म्हणजे किती, हे बघायचं तर चेक न वटण्याचे खटले बघा. कलम १३८. नोटीस तीस दिवसांत, पैसे द्यायला पंधरा दिवस, मग तक्रार एक महिन्यात. आधी दिवस आहेत, शेवटी महिना आहे. महिना म्हणजे तीस दिवस नव्हे, कॅलेंडरचा महिना. साकेत इंडियाच्या खटल्यात नोटीस मिळाली २९ सप्टेंबर १९९५ ला, पंधरा दिवस संपले १४ ऑक्टोबरला, तक्रार दाखल झाली १५ नोव्हेंबरला. वेळेत की एक दिवस उशिरा? पहिला दिवस मोजायचा की सोडायचा? एवढ्यासाठी प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं आणि १९९९ ला निकाल आला, पहिला दिवस सोडायचा. तक्रार वेळेत. आता एक्सेलचं 'नेटवर्कडेज' घ्या. ते दोन्ही टोकं मोजतं. सोमवार ते सोमवार विचारलं तर एक सांगतं. साधी वजाबाकी शून्य सांगते. यातलं कुठलंही सूत्र जसंच्या तसं वकिलाच्या कचेरीत वापरणं म्हणजे अशिलाशी जुगार आहे. वसई पूर्वेच्या कारखान्यांत छोट्या मालकाचे चार लाख अडकलेले असतात, त्याला ही चैन परवडत नाही.

आणि कामाचा दिवस म्हणजे तरी कुठला? 'नेटवर्कडेज'च्या सुधारित आवृत्तीत साप्ताहिक सुट्टी निवडता येते. शनिवार-रविवार, नुसता रविवार, नुसता गुरुवार. हे चांगलं केलं, भोसरीच्या कारखान्यांत गुरुवारच लागतो. पण १ सप्टेंबर २०१५ पासून आपल्या बँका दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी बंद, बाकीच्या शनिवारी चालू. हे त्यात बसत नाही. सात अक्षरांत आठवडा लिहायचा असतो, आणि आपला शनिवार आठवड्याचा नसून महिन्याचा आहे. मग काय, प्रत्येक दुसरा-चौथा शनिवार हाताने सुट्ट्यांच्या यादीत टाका. जानेवारीत कुणीतरी टाकतं. तो माणूस नोकरी सोडतो. पुढच्या जानेवारीत कुणी टाकत नाही.

सुट्ट्यांची यादी ही कायम वस्तू आहे, असं या सगळ्या लेखनात गृहीत आहे. माझी सर्वांत मोठी तक्रार हीच आहे. लतादीदी गेल्या तो रविवार होता, ६ फेब्रुवारी २०२२. त्याच दिवशी राज्य सरकारने दुसऱ्या दिवसाची सार्वजनिक सुट्टी जाहीर केली. रिझर्व्ह बँकेच्या पतधोरण समितीची बैठक सात तारखेला सुरू व्हायची होती, ती आठवर गेली. ज्या देशात रिझर्व्ह बँकेला आदल्या दिवशी कॅलेंडर बदलावं लागतं, तिथे तुमचा प्रोग्रॅम वर्षाच्या सुरुवातीला यादी भरून वर्षभर निश्चिंत बसतो.

आता अगदी आपल्या दारातलं. सप्टेंबर २०२५. ईद-ए-मिलादची सुट्टी ५ सप्टेंबर, शुक्रवारी. ६ तारखेला अनंत चतुर्दशी, विसर्जन. सरकारने अगदी तोंडावर ठरवलं, मुंबई शहर आणि उपनगर जिल्ह्यांत ती सुट्टी ८ सप्टेंबरला, सोमवारी. बाकी जिल्ह्यांत पाचलाच. म्हणजे पालघर जिल्हा पाच. नायगावहून गाडीत बसा, खाडी ओलांडा, भाईंदर-मीरारोड ठाणे जिल्हा, तेही पाच. दहिसर आलं, आठ! एका लोकलमध्ये दोन कॅलेंडरं. एकाच घरात नवरा पालघरच्या सरकारी कचेरीत, बायको वांद्र्याच्या. शुक्रवारी एकाला सुट्टी, सोमवारी दुसरीला. आणि सॉफ्टवेअरमध्ये 'महाराष्ट्र' अशी एकच यादी. खुल्या स्रोतांत सुट्ट्यांचे चांगले संच आहेत, पायथनमधला 'हॉलिडेज' राज्यापर्यंत जातो. जिल्ह्यापर्यंत कुणी जात नाही. शिवाय जिल्हाधिकारी स्थानिक सुट्ट्या देतात त्या वेगळ्याच.

तेव्हा करायचं काय, असं तुम्ही विचाराल, म्हणून माझी कामाची पद्धत सांगतो. जन्मतारीख, रुजू तारीख, चेकची तारीख यांना वेळ चिकटवायचीच नाही, तारीख म्हणूनच ठेवायची. घडून गेलेली घटना यूटीसीत ठेवा, खुशाल. पण पुढची मीटिंग यूटीसीत ठेवू नका, तिथली वेळ आणि ठिकाणाचं नाव असं ठेवा, कारण मधे कुठलंही सरकार घड्याळ बदलू शकतं. आणि सुट्टीच्या प्रत्येक नोंदीला दोन गोष्टी जोडा. कुठल्या जिल्ह्याची, आणि कधी जाहीर झाली. ही दुसरी फार कुणी जोडत नाही. पण ४ फेब्रुवारीला काढलेली मुदत ७ फेब्रुवारीच्या सुट्टीमुळे चुकली, तर ज्याने काढली त्याची चूक नव्हती हे दाखवायला दुसरा पुरावा नसतो.

वेळ झाली वाटतं. एक प्रश्न आलाय चिठ्ठीवर, तेवढा घेतो. ताई विचारतात, "कंपनी अंधेरीत, मी घरून, म्हणजे उमेळ्यातून काम करते. पाचची सुट्टी घ्यायची की आठची?" ताई, सरकारी सुट्टी खाजगी कंपनीला आपोआप लागू होत नाही, त्यामुळे आधी कंपनीची स्वतःची यादी बघा. त्यात नुसतं 'ईद-ए-मिलाद' लिहिलं असेल आणि तारीख नसेल, तर लेखी विचारा, आणि तुमची हजेरी कुठल्या कचेरीला जोडली आहे तेही त्याच पत्रात विचारून घ्या. बहुधा अंधेरी सांगतील, म्हणजे आठ. उत्तर मेलवर मागा. त्या मेलवर तारीख असते.